साडूची जाळी

माझ्या साडूचा धंदा चाळण्यांचा आहे. घरातल्या नव्हेत. औषधाची पूड, रंगाची पूड, पीठ असलं काहीबाही चाळायला कारखान्यांना लागतात त्या, आत माणूस उभा राहील एवढ्या. हे आधीच सांगतो, कारण गेल्या महिन्यात मी या गृहस्थावर जळून खाक झालो, आणि चाळणीवाल्यावर जळणं किती अडचणीचं असतं याची कुणाला कल्पना नसते. एखादा देखणा असतो, एखादा गातो, एखाद्याच्या दारात लांबलचक गाडी उभी असते. त्यांच्यावर जळलं तर मित्रांत बसून मोकळेपणानं बोलता येतं. चाळणीवाल्यावर जळतोय म्हटलं की मित्र विचारतात, कुठल्या नंबरची चाळण?

मी स्वतः माइक बनवतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. माझी बायको पुस्तकं मोठ्यानं वाचते. ही तिची सवय नाही, नोकरी आहे; ऐकायची पुस्तकं काढणारं एक प्रकाशन आहे, त्यांच्यासाठी ती वाचते. आमच्या मागच्या खोलीला आम्ही आतून गाद्या लावल्यात. ती आत बसून वाचते आणि मी दाराबाहेर टेबलाशी बसून रेकॉर्ड करतो. दाराला वहीएवढी काच आहे, तिच्यातून मला बायको दिसते. संसारात याहून जास्त काय लागतं, असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं.

लग्नात बाकीचे नवरे दागिना देतात. मी माइक दिला. तीन महिने खपून स्वतःच्या हातानं केलेला. माइकच्या आत कॅप्सूल नावाची वस्तू असते, मोठ्या नाण्याएवढी चकती, तिच्यावर केसाहून पातळ पडदा ताणलेला. आवाज आला की तो पडदा थरथरतो, आणि पुढचं सगळं तारांचं काम. कॅप्सूल म्हणजे जीव आणि बाकीचे नुसते कपडे, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी न विचारता सांगत असे.

तरी कपडेही मी साधे शिवले नव्हते. कॅप्सूलभोवती एकात एक अशा तीन जाळ्या: बाहेरची जाड तारेची, मधली मध्यम, आतली रेशमासारखी बारीक. आकार पेटीसारखा, चारही भिंती सरळ, कारण चौकोनी वस्तू भरवशाची वाटते. खाली पितळेची सपाट चकती, इतकी घासलेली की वाकून बघितलं तर माझे दात दिसत. त्या चकतीवर, रबराच्या बुटक्या गादीवर, कॅप्सूल बसलेली. मी त्याला सिंहासन म्हणायचो. बायको काही म्हणायची नाही.

ती त्या माइकपुढे बसली की मान जराशी डावीकडे कलती करायची आणि त्याच्या गालाला लागून बोलल्यासारखी बोलायची. कानात गुपित सांगावं तशी. मी काचेतून ती मान बघायचो. ही वस्तू माझ्या नवऱ्यानं केली, हे लक्षात ठेवून बाई बसली आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता. संध्याकाळी तिची मान दुखायची. मी मलम लावून द्यायचो. त्या एका कलत्या मानेच्या जोरावर मी तीन वर्षं सुखात काढली.

मग एका रविवारी मेहुणी आणि साडू जेवायला आले. साडूच्या खिशात तार मोजायचं भिंग कायम असतं. ते चौकोनी, घडीचं भिंग जाळीवर ठेवून एका इंचात किती भोकं आहेत ते तो मोजतो. जेवण व्हायच्या आत त्यानं आमच्या खिडकीची डासांची जाळी मोजली, चहाची गाळणी मोजली, आणि हात धुऊन आल्यावर माझ्या माइकला भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग अगदी सभ्यपणे त्यानं विचारलं की साडूभाऊ, यातून नक्की काय गाळायचंय?

मी सांगितलं की प आणि फ म्हणताना तोंडातून हवेचा भपकारा येतो तो अडवायचा, धूळ अडवायची, बाहेरच्या विजेची घूंघूं अडवायची. तो म्हणाला, त्याला एक जाळी पुरे. आमच्याकडे पूड तीन जाळ्यांतून पाठवली तर ती दुसऱ्या दिवशी पोचते. सगळे हसले. माझी बायकोही हसली, आणि गरजेपेक्षा अर्धा सेकंद जास्त हसली. अर्धा सेकंद मोजणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे.

मोठेपणा दाखवायची हुक्की मला तिथेच आली. तिच्या माइकमधल्या कॅप्सूलची एक जुळी माझ्याकडे पडून होती. एकाच दिवशी केलेली, एकाच पडद्यातून कापलेली. ती मी कापसाच्या डबीसकट साडूच्या हातात ठेवली आणि म्हटलं, घ्या, खेळा.

तो पंधरा दिवस खेळला.

सोळाव्या दिवशी त्यानं जे आणलं ते बघून मी हसलो, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. पोपटाचा पिंजरा आणि अंडं यांचं लग्न लागून जे होईल तसलं काहीतरी होतं. जाळी एकच, मोकळ्या भोकांची, आणि सगळीकडून गोलाईदार. सरळ भिंत कुठेच नाही. आत भरपूर रिकामी जागा. मधोमध पेन्सिलीपेक्षा बारीक दांडीवर माझी कॅप्सूल उंच चढवलेली, आणि तिच्या खाली चकतीच्या जागी उलटं नरसाळं. सिंहासन नाही, काही नाही. बिचारी बगळ्यासारखी एका पायावर उभी होती.

बायको म्हणाली, लावून तर बघू. मी लावला. ती आत जाऊन बसली आणि पुस्तक उघडलं.

ती सरळ बसली.

मान कलली नाही. पाठ ताठ, हनुवटी समोर, दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलतात तशी ती त्या पिंजऱ्यापुढे बसली आणि वाचायला लागली. मी सांगितलं होतं एक परिच्छेद. तिनं परिच्छेद वाचला, पान उलटलं आणि पुढे वाचलं. माझ्या माइकपुढे ती ठरल्यापेक्षा एक ओळ जास्त वाचत नाही. इथे तिनं तीन पानं वाचली, तीही कंटाळवाण्या भागातली, जिथे लेखक नुसती एक टेकडी वर्णन करतो. मी टेकडी ऐकली. हेडफोनमध्ये मला वाटलं की दार उघडं राहिलं आणि बायको माझ्या शेजारी येऊन बसली. मी दार तपासलं. बंद होतं.

कसा आहे, असं साडूनं विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, हौशी माणसाच्या मानानं.

त्यानंतरचा आठवडा माझा वाईट गेला. नवऱ्यांना ज्या गोष्टी नंतर दिसू लागतात त्या मला दिसू लागल्या. माइक ठेवतो त्या कपाटात माझा माइक प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, साडूचा माझ्या बायकोच्या रेशमी रुमालात गुंडाळलेला. माझ्या माइकची उंची बदलायची असली की ती मला हाक मारायची. त्याची ती स्वतः बदलायची, आणि बदलताना पुटपुटायची, ‘थांब हं, जरासं वर.’ मला तिनं थांब हं म्हटल्याला दीड वर्ष झालं असेल. एकदा ती त्याची जाळी मऊ कुंचल्यानं पुसताना दिसली. मी जाऊन माझा चष्मा दाखवला की हाही धुरकट झालाय. ती म्हणाली, कापड ड्रॉवरमध्ये आहे.

अशात प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. या बाई पुस्तकं नेमून देतात. त्यांनी बायकोला आजवरचं सगळ्यात मोठं काम दिलं: सहा भागांची कादंबरी, ऐकायला ऐंशी तास, वाचायला सहा महिने, सोमवारी सुरुवात. अट एकच, पहिल्या ओळीला जो माइक तोच शेवटच्या ओळीला, कारण मध्येच आवाजाचा पोत बदलला की ऐकणाऱ्याला वाटतं बाई बदलली. म्हणजे सोमवारी सकाळी जो माइक लागेल त्याच्यापुढे माझी बायको सहा महिने बसणार होती.

बायकोनं दोन्ही माइकवर एकेक पान वाचून बाईंना पाठवलं, नावं न देता, नुसतं एक आणि दोन. एक मी. बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. दोन फारच छान. आणि एकच्या वेळी ताईंना सर्दी झाली होती का, आता बरं वाटतंय ना.

बायकोनं तो निरोप मला वाचून दाखवला आणि मग पटकन म्हणाली की शेवटी आपल्यालाच ठरवायचंय, शुक्रवारी पुन्हा एकदा दोन्ही ऐकू. ती हे प्रेमानं म्हणाली. प्रेमानं म्हटलेल्या गोष्टींचा मला त्या दिवसांत फार त्रास व्हायचा.

मी विचार केला. विचाराअंती मला कळलं की मी गाढवपणा केला आहे. जुळ्यांतसुद्धा एक जरा सरस असतोच. मी डोळे झाकून सरस कॅप्सूल देऊन बसलो होतो आणि निकस माझ्या सिंहासनावर बसली होती. साडूचं कर्तृत्व शून्य. तो माझ्याच कॅप्सूलवर मिरवत होता. हे एकदा पटल्यावर पुढचं काम न्यायाचं होतं, म्हणून मी ते गुपचूप करायचं ठरवलं.

गुरुवारी दुपारी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली. मी दोन्ही माइक टेबलावर घेतले, हात धुतले, पंखा बंद केला आणि दोघांची पोटं उघडली. कॅप्सूल काढताना श्वास रोखावा लागतो. पडद्यावर एक शिंतोडा पडला तर खेळ संपला. मी साडूची काढून माझ्या गादीवर ठेवली, माझी त्याच्या दांडीवर चढवली आणि तारांना डाख लावायला घेतला. तेवढ्यात फोन वाजला. साडू होता. त्याला विचारायचं होतं की माइक कसा आहे. सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी अशा आवाजात विचारलं त्यानं. त्या वेळी तो माइक माझ्यापुढे उघडा पडला होता आणि माझ्या तोंडात त्याचे चार स्क्रू होते. ‘शुखात आहे,’ मी म्हणालो.

शुक्रवारी बायको आत बसली. आधी माझा माइक लावला. तिनं मान कलती केली आणि वाचायला सुरुवात केली. मी डोळे मिटले.

तीच सर्दी. बायको एखाद्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात बसली आहे आणि झाकण अर्धवट लावलंय. आवाज स वर चिरका, म वर गुंजणारा. मग साडूचा लावला. ती सरळ बसली, आणि पुन्हा दार उघडं राहिलं. निकस ठरवलेली माझी कॅप्सूल, तीन वर्षं माझ्याकडे शेंबडी राहिलेली, परक्या घरात जाऊन एका दिवसात मोकळी बोलायला लागली होती. आणि त्याची सरस कॅप्सूल माझ्या सिंहासनावर एका रात्रीत आजारी पडली होती. पाहुणा बदलून काही होत नव्हतं. घरच माझं तसं होतं.

बायको बाहेर आली तेव्हा मी तिला एकच विचारलं, की माझ्या माइकपुढे ती मान का कलती करते. मला अजूनही एक आशा होती.

‘समोरून बोललं की डब्यातून येतं रे. थोडं तिरकं बोललं की कमी येतं. पहिल्याच महिन्यात कळलं मला.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू सिंहासन म्हणायचास ना,’ ती म्हणाली.

तीन वर्षं मी त्या मानेला मलम लावत होतो. ती दुखत होती कशानं, तर माझ्या पितळेच्या चकतीनं. मी कपाटातून पिशवी घेतली, माझा माइक तिच्यात घातला आणि शनिवारी सकाळी साडूच्या कारखान्यात गेलो.

कारखान्यात तारांचे गठ्ठे आणि पत्र्याची कडी यांच्यामध्ये साडू एका चाळणीत कमरेपर्यंत शिरला होता. मी आल्याचं कळताच बाहेर आला. मी म्हटलं, सहज आलो. पिशवी त्यानं बघितली. मग मी म्हटलं, तुझ्या जाळीत काय आहे ते सांग. आजवर मी त्याला अहोजाहो करत होतो. त्या दिवशी तोंडातून एकेरी निघालं.

तो म्हणाला की शास्त्रबिस्त्र त्याला येत नाही. पंधरा वर्षं चाळणीत डोकं घालून तारा तपासल्यात, आणि आत डोकं असताना बाहेरच्या माणसांशी ओरडून बोलावं लागतं. कुठली चाळण माणसाचा आवाज परत तोंडावर मारते आणि कुठली जाऊ देते, एवढं त्याला ठाऊक झालंय. सांगून कळणार नाही, बसा, असं म्हणून त्यानं मला एका स्टुलावर बसवलं, साखळीच्या कप्पीला एकात एक तीन पिंपासारख्या जाळ्या लावल्या आणि त्या माझ्या डोक्यावरून खांद्यापर्यंत खाली सोडल्या. वरून झाकण ठेवलं. हनुवटीखाली पत्र्याचं ताट सरकवलं. तारा ताणणाऱ्या दोन कामगार बायका काम थांबवून बघायला लागल्या.

बोला, साडू बाहेरून म्हणाला.

मी एक, दोन, तीन म्हणालो. तो आवाज माझा नव्हता. एखादा म्हातारा हौदात पडून आकडे मोजत होता. प्रत्येक आकडा पत्र्यावर आपटून नाकाशी यायचा, जाळीवर आपटून कानाशी यायचा, आणि पुढचा आकडा निघेपर्यंत मागचा अजून आतच फिरत असायचा.

‘हे तुमचं,’ साडू म्हणाला. ‘आवाज आत येतो, पण जायला वाट नाही. तीन जाळ्या, सरळ भिंती, खाली आरसा. कॅप्सूलला एक शब्द चारदा ऐकू येतो, थोडा थोडा उशिरा. तिनं काय करावं?’

त्या अंधारात मला बायको दिसली. लग्नाची भेट म्हणून मी तिला या हौदात बसवून ठेवलं होतं, आणि ती तीन वर्षं डोकं वाकडं करून बाहेर बघत होती. तोंड दिसत नसलं की माणसाला खरं बोलायची हिंमत येते. मी आवाज अगदी खाली आणून साडूला सांगितलं की गुरुवारी मी दोन्ही कॅप्सूल बदलल्या, तुझी चोरून माझ्यात घातली, कारण मी तुझ्यावर जळत होतो.

खाली आणलेला आवाज त्या पिंपात दुप्पट झाला. ‘जळत होतो’ हे शब्द बराच वेळ फिरत राहिले. कामगार बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, काय जळतंय बघ गं.

साखळी खडखडली, पिंप वर गेलं. साडू माझ्याकडे बघत उभा होता. त्यानं रागवावं अशी माझी मनापासून इच्छा होती. रागावला असता तर माझं निम्मं काम झालं असतं.

‘बदलून काय फरक पडला?’ त्यानं विचारलं.

‘काहीच नाही.’

‘म्हणजे सगळं जाळीचं आणि दांडीचंच.’ तो खूश झाला. ‘मला सुचलंच नसतं हो असं करून बघायचं. तुम्ही धंद्यातले, तुम्हाला सुचतं.’

माझ्या पापाचा त्यानं प्रयोग करून टाकला. असल्या माणसाशी भांडणार कसं? मग त्यानं एकच गोल जाळी माझ्यावर सोडली, ताट काढून खाली उलटं नरसाळं धरलं, आणि मी चार म्हणालो. चार निघाला आणि निघून गेला. पलीकडे बायकांनाही तो नीट ऐकू आला असावा, कारण एकीनं पाच म्हटलं.

साडूनं मला हातभर जाळी कापून दिली, दांडीसाठी तार दिली. रविवारभर मी माझा माइक सोलत होतो. आतली रेशमी जाळी काढली, मधली काढली, भिंती ठोकून गोल केल्या. पितळेची चकती कापताना करवत दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा ती मीच थांबवली होती. कॅप्सूल दांडीवर चढवली, पण दांडी बारीक झाली. खोलीत कुणी चाललं की कॅप्सूल मान हलवायची आणि हेडफोनमध्ये लांबवर ट्रक गेल्यासारखं व्हायचं. दांडी बदलली तर ती जाड झाली. तरी पहिल्यापेक्षा माइक शंभर पटींनी बरा झाला होता. डबा गेला होता. सर्दी गेली होती. किंचित पडसं राहिलं होतं म्हणा.

सोमवारी सकाळी बायकोनं दोन्हींवर कादंबरीचं पहिलं वाक्य वाचलं. माझ्यापुढेही ती सरळ बसली. मग बाहेर येऊन तिनं हेडफोन लावले आणि दोन्ही ऐकले. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिला माझा निवडायचा होता. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मला बघवेना. तिसऱ्यांदा ऐकायला तिनं बटणाकडे हात नेला.

तिसऱ्यांदा ऐकून ती माझा निवडेल हे मला कळलं. सहा महिने ती माझ्यासाठी पडशातून वाचेल आणि कधी बोलणार नाही. गप्प बसलो असतो तर ते सहा महिने माझे होते. मी हेडफोन तिच्या कानांवरून काढले.

‘त्याचा लाव,’ मी म्हणालो.

‘तुझा चांगला झालाय.’

‘झालाय. त्याचा लाव.’

तिनं पुस्तक उचललं. मग आत गेली. साडूचा पिंजरा मीच स्टँडवर चढवला, तिच्या ओठांच्या उंचीला आणला, स्क्रू घट्ट केला. बाहेर येऊन बसलो आणि बोटानं खूण केली. ती वाचायला लागली. एक पान झाल्यावर तिनं थांबून काचेतून विचारलं की कसा येतोय.

हेडफोनमध्ये ती इतकी जवळ होती की पान उलटताना तिच्या अंगठीचा कागदाला झालेला स्पर्श ऐकू येत होता. माझ्या अंगाची आग होत होती. बटण दाबून मी तिला सांगितलं, ‘तू बोलतेस तसा येतोय.’

ती मान डोलावून पुढे वाचू लागली. अजून एकोणऐंशी तास अठ्ठावन्न मिनिटं बाकी होती.